जागा सापडायला सामने लागतात

जालन्याच्या विजय झोलने 2011-12 च्या हंगामात कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद 451 धावा काढल्या, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या या स्पर्धेत युवराजसिंगने 1999-2000 च्या अंतिम सामन्यात केलेल्या 358 धावांचं कौतुक वर्षानुवर्षं चालत आलं होतं. महाराष्ट्राच्या या डावखुऱ्या पोराने तो आकडा मागे टाकला. 2012 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला उन्मुक्त चंदच्या नेतृत्वाखाली युवा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. मग तो स्वतः त्या संघाचा कर्णधार झाला. 2013 मध्ये रणजी पदार्पणातच त्रिपुराविरुद्ध नाबाद द्विशतक. जानेवारी 2014 मध्ये शारजात युवा आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध शतक आणि विजेतेपद. त्याच महिन्यात वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात केदार जाधवच्या साथीने नाबाद 91 आणि महाराष्ट्राचा आठ गडी राखून विजय. हे सगळं वयाची विशी गाठायच्या आत.

भारताच्या मुख्य संघात मात्र तो कधी आला नाही. 2014 च्या आयपीएलमध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूकडून त्याला मोजके सामने मिळाले आणि रणजीतली कारकीर्दही पहिल्या हंगामांच्या उंचीवर राहिली नाही. अशा कारकिर्दींबद्दल आपल्याकडे दोनच निकाल ठरलेले असतात: एक, पोराचं नशीब नव्हतं, दुसरा, वर आपला माणूस नव्हता. दोन्ही निकाल ऐकणाऱ्याचं समाधान करतात आणि दोन्हींतून पुढच्या पोराच्या उपयोगाचं काही निघत नाही. मला तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो एकट्या झोलबद्दल नाही आणि एकट्या क्रिकेटबद्दलही नाही. गुणी पोराची मैदानावरची नेमकी जागा कुठली, हे ठरवतं कोण, कशाच्या आधारावर आणि किती वेळ देऊन?

माझं म्हणणं सरळ आहे. खेळाडूची जागा जन्मजात नसते, निवड चाचणीत दिसत नाही आणि धावांच्या आकड्यावरूनही कळत नाही. ती सापडते सामन्यांत, वेगवेगळ्या जागी खेळून, चुकून आणि पुन्हा संधी मिळून. जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या मुलाला नेमकी या तीन गोष्टींची मुभा मिळत नाही. त्यामुळे तो सापडण्याआधीच त्याचा निकाल लागतो.

जागा म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. धावफलकावर फलंदाजांची नावं एकाखाली एक असतात, म्हणून लांबून वाटतं की वरचा चांगला आणि खालचा त्याहून कमी. प्रत्यक्षात प्रत्येक क्रमांक हा वेगळा व्यवसाय आहे. सलामीवीराचं पहिलं कौशल्य चेंडू सोडण्याचं. चेंडूची शिवण ताठ असते, लकाकी असते, गोलंदाज ताजातवाना असतो. ऑफ यष्टीबाहेरचा कुठला चेंडू आपला नाही, हे अर्ध्या क्षणात कळावं लागतं. तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाला आपल्याला कधी जायचंय हेच माहीत नसतं. सामन्याच्या दुसऱ्या चेंडूला तो सलामीवीर होतो आणि चाळिसाव्या षटकात मधल्या फळीचा फलंदाज. पॅड बांधून तासन्‌तास बसून राहणं आणि तरी डोकं ताजं ठेवणं, हा त्याच्या कामाचाच भाग. पाचव्या क्रमांकावर चेंडू जुना झालेला असतो, फिरकी सुरू असते. पायांची हालचाल आणि एकेरी धाव काढण्याची हुशारी तिथे लागते. सहाव्यावरच्या फलंदाजाला समोर तळाचे गडी घेऊन खेळायचं असतं: षटकाच्या शेवटच्या चेंडूला एक धाव काढून पुढच्या षटकाची स्ट्राइक आपल्याकडे घ्यायची, जोडीदाराला शक्यतो कमी चेंडू खेळू द्यायचे, आणि हे करताना धावगतीही सांभाळायची.

म्हणजे एकाच मुलाचा कस सहा वेगवेगळ्या प्रकारे लागू शकतो. सलामीला जाऊन पाच वेळा लवकर बाद झालेला मुलगा पाचव्या क्रमांकावर जिल्ह्याचा सर्वोत्तम फलंदाज असू शकतो. सहाव्यावर फटकेबाजी करणाऱ्याकडे कदाचित नवा चेंडू खेळायचं तंत्र असेल, पण त्याला वर कुणी पाठवलेलंच नसतं. 451 धावांमधून मुलाची भूक कळते, दम कळतो, एकाग्रता कळते. वरच्या दर्जाच्या गोलंदाजीपुढे तो कुठल्या क्रमांकावर शोभेल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याच्या पूना क्लबवर काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद 443 धावा केल्या. पहिला गडी बाद झाल्यावर ते आले, के. व्ही. भांडारकरांसोबत दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागी केली. ब्रॅडमनच्या 452 धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर मध्यमगती गोलंदाजी करत, यष्टिरक्षणही करत. एवढ्या गुणांच्या माणसाला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. चारशेचा आकडा कारकिर्दीची हमी देत नाही, हे आपल्या मातीत 1948 पासून लिहिलेलं आहे.

आता ज्यांना जागा सापडली त्यांच्याकडे पाहू. रवी शास्त्री 1981 मध्ये वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळला, तेव्हा तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून गेला होता आणि दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला उतरला. जानेवारी 1992 मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 206 धावा केल्या, त्या सलामीला येऊन. मधल्या अकरा वर्षांत तो पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सगळ्या क्रमांकांवर खेळला. सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात सलामीला आला तो मार्च 1994 मध्ये ऑकलंडला, नवज्योतसिंग सिद्धूची मान अवघडली म्हणून. 49 चेंडूंत 82 धावा करून त्याने ती जागा आपली केली. वीरेंद्र सेहवागने पहिल्याच कसोटीत, 2001 मध्ये ब्लूमफाँटेनला, सहाव्या क्रमांकावर शतक केलं. पुढच्या वर्षी लॉर्ड्सवर त्याला सलामीला पाठवलं आणि कसोटी क्रिकेटमधल्या सलामीची रीतच बदलली. रोहित शर्माला शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी ऑफस्पिन गोलंदाज म्हणून घेतलं होतं. त्याची फलंदाजी त्यांच्या नजरेत भरली आणि आठव्या क्रमांकावरचा तो मुलगा सलामीला गेला. मोठा झाल्यावर त्याच माणसाला कसोटीत आपली जागा मिळायला 2019 साल उजाडलं. 2013 मध्ये ईडन गार्डन्सवर सहाव्या क्रमांकावर येऊन त्याने पदार्पणात 177 केल्या होत्या. सलामीवीर म्हणून विशाखापट्टणमच्या पहिल्याच कसोटीत दोन्ही डावांत शतकं ठोकली, तेव्हा मध्ये जवळपास सहा वर्षं गेली होती.

मराठवाड्यातलंच उदाहरण हवं असेल तर बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरचं घ्या. रेल्वेच्या संघातून घडलेला हा अष्टपैलू खेळाडू. 2002 च्या फेब्रुवारीत नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध त्याने मधल्या-खालच्या फळीत येऊन शतक केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेडिंग्लेला ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी आणि इंग्लंडचा वेगवान मारा असताना त्याला सेहवागच्या जोडीला सलामीला पाठवलं. 68 धावा, पण त्या काढायला त्याने 236 चेंडू घेतले आणि राहुल द्रविडसोबत 170 धावांची भागी केली. द्रविड, तेंडुलकर, गांगुली या तिघांची शतकं त्या पायावर उभी राहिली, भारत एक डाव आणि 46 धावांनी जिंकला. बांगरची ती खेळी कुठल्याच विक्रमांच्या यादीत वर नाही. तरी माणूस, क्रमांक आणि दिवस यांची गाठ पडली की काय होतं, याचं तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

या सगळ्या कहाण्यांत एक गोष्ट समान आहे आणि आपण नेमकी तीच विसरतो. जागा बदलली तेव्हा ही माणसं आधीच संघात होती. कुणाची मान अवघडली, कुठे सलामीवीर नव्हता, कुठे हवा ढगाळ होती, ही निमित्तं. निमित्त आलं तेव्हा ती मैदानावर हजर होती, आणि प्रयोग फसला असता तरी पुढच्या आठवड्यात त्यांना दुसरा सामना होता. योगायोगाचा फायदा घ्यायलाही हजेरी लागते. मुंबईच्या मुलाला ती हजेरी शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स ढालीपासून क्लबांच्या कांगा लीगपर्यंत सतत मिळत राहते. जालन्यातल्या मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या मुलाला ती कुठून मिळणार?

जालना जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला. तालुके आठ. पुणं इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा कारभार आणि गहुंज्याचं मोठं मैदान तिकडे. जिल्ह्याचा संघ संघटनेच्या निमंत्रित स्पर्धांत खेळतो, पण तालुक्यातल्या मुलाच्या वाट्याला वर्षभरात चामड्याच्या चेंडूचे, पूर्ण षटकांचे, पंच आणि गुणलेखक असलेले सामने फारच थोडे येतात. बाकी काळ टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि नेट. बहुतेक ठिकाणी सराव सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवर. मॅटवर चेंडू उसळतो आणि त्याची उसळी सारखी असते, त्यामुळे मुलगा मागच्या पायावर कट आणि पुल छान शिकतो. हिरवळीच्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, खाली राहतो, शिवणीवर पडून आत वळतो. तिथे पुढच्या पायाचा बचाव लागतो, जो त्याने कधी घडवलेलाच नसतो. मग लोक म्हणतात, तंत्र कच्चं आहे. तंत्र कच्चं नसतं. ते दुसऱ्या खेळपट्टीसाठी पक्कं झालेलं असतं.

त्यानंतर येते निवड चाचणी. ज्याने ती पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. सकाळी सात वाजता रांगेत शंभरावर मुलं, छातीवर सेफ्टी पिनने लावलेले कागदी नंबर, बापाच्या मोटरसायकलवर किट बॅग घेऊन पहाटे निघालेली. अर्जावर एक रकाना असतो: सलामीवीर, मधली फळी, वेगवान, फिरकी, यष्टिरक्षक. चौदा वर्षांचा मुलगा तिथे काय लिहितो? त्याच्या गावच्या संघात तोच सगळ्यात चांगला, म्हणून तिथे तो सलामीला जातो, नवा चेंडूही तोच टाकतो. तो 'सलामीवीर' लिहितो. नेटमध्ये दहा-बारा चेंडू मिळतात, तेही कुठल्या तरी तितक्याच घाबरलेल्या मुलाने टाकलेले. एक बॅटच्या कडेला लागून मागे जातो, दोन हुकतात, तीन छान बसतात. वहीत खूण होते. त्या रकान्यात त्याने अंदाजाने लिहिलेला एक शब्द पुढची चार-पाच वर्षं त्याच्या मानगुटीवर बसतो. निवड समितीतली माणसं वाईट नसतात. शंभर मुलं आणि एक दिवस असला की दुसरं काही करताच येत नाही. दोष त्या एका दिवसाचा आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की अस्सल गुण लपत नाही. बीडचा सचिन धस बघा, लोक म्हणतील. 2024 च्या युवा विश्वचषकात बेनोनीला यजमान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामना. 245 धावांचा पाठलाग आणि 32 धावांत चार गडी बाद. सहाव्या क्रमांकावर आलेल्या या पोराने 96 धावा केल्या, कर्णधार उदय सहारनसोबत 171 धावा जोडल्या आणि भारत दोन गडी राखून अंतिम सामन्यात गेला. मराठवाड्यातून आला, निवडला गेला, खेळला. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की जो पोचला तोच आपल्याला दिसतो. न पोचलेल्यांची नोंद कुठल्याच धावफलकावर नसते, त्यामुळे 'गुण लपत नाही' हे वाक्य खोटं ठरवायला पुरावाच उरत नाही. शिवाय धसच्या उदाहरणाकडे बारकाईने पाहिलं तर ते माझ्याच बाजूने बोलतं. त्याच्या संघाने त्याला एक ठरावीक काम दिलं आणि त्या कामावर टिकवलं. सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाला बऱ्याच सामन्यांत मोजकेच चेंडू मिळतात. त्याच्या धावांची बेरीज पाहून निवड केली तर तो पहिल्याच फेरीत गळेल. त्याचं मोल ओळखायला सामना पाहावा लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेची गोष्ट याहून बोलकी आहे. मैदानी खेळांत वाढलेली ही मुलगी उशिरा क्रिकेटकडे वळली आणि संधीसाठी महाराष्ट्र सोडून नागालँडकडून खेळली. एप्रिल 2022 मध्ये तिने ट्वेंटी-20 सामन्यात नाबाद 162 धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताच्या संघात आली. तिचा गुण लपला नाही हे खरं, पण तो दिसावा म्हणून तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. हे प्रत्येक घराला परवडत नाही.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांचा असतो आणि तो अनुभवातून आलेला असतो. ते म्हणतात, पोराला सारखं इकडून तिकडे हलवलं तर त्याचा आत्मविश्वास जातो. एक जागा द्या, तिथे घट्ट होऊ द्या. हे अर्धं बरोबर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, सगळं करून पाहिल्यावर, एक जागा देऊन तिथे दोन हंगाम उभं करणं आवश्यकच आहे. पण बाराव्या वर्षी ठरवलेली जागा म्हणजे पोराच्या त्या वेळच्या उंचीचा आणि गावच्या संघाच्या गरजेचा हिशेब. तेराव्या वर्षी सगळ्यांत उंच असलेला मुलगा सतराव्या वर्षी मधल्या उंचीचा होतो आणि बुटका म्हणून फिरकीला लावलेला अचानक सहा फुटांचा. जालन्यात मोसंबीचं कलम लावणारा शेतकरी पहिली चार-पाच वर्षं बहार धरत नाही. झाडाचा सांगाडा आधी तयार होऊ देतो. पोरांच्या बाबतीत तेवढा धीर आपण का धरत नाही?

इतर खेळांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, लंबवर्तुळाकार मैदानावर, एका बाजूला अठरा खेळाडू. उंचपुऱ्यांनी उडी मारून चेंडू जिंकायची रकमनची जागा वेगळी, गोलपुढच्यांची वेगळी, मधल्या धावपटूंची वेगळी, बचावातली वेगळी. तिथे अठराच्या आसपास वयाची पोरं व्यावसायिक क्लब निवडून घेतात. नव्या पोराला बऱ्याचदा आधी बचावाच्या कडेला उभं करतात, कारण तिथून सगळा खेळ समोर दिसतो आणि चेंडू घेऊन विचार करायला क्षणभर जास्त मिळतो. तिथे डोळा तयार झाला की मग मधल्या गर्दीत सोडतात. मुख्य संघात जागा नसली तर तोच मुलगा त्याच आठवड्यात व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये सामना खेळतो, आणि वेगळ्या जागी खेळून पाहायचं ते तिथे पाहतात. सिडनी स्वान्सचा अ‍ॅडम गुड्स 2003 मध्ये स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक विभागून जिंकला तेव्हा मुख्यतः रकमन म्हणून खेळत होता. 2006 मध्ये तेच पदक पुन्हा जिंकलं ते मधल्या फळीत. एकाच माणसाच्या दोन जागा आणि दोन्हींत देशातला पहिला. ही कमाल त्याची तर आहेच, त्याला दोन्हीकडे खेळवून पाहणाऱ्यांचीही आहे.

एवढं लांब जायचंही कारण नाही. आपल्या खो-खोत ही शहाणीव खेळाच्या रचनेतच आहे. प्रत्येक खेळाडूला पाठलागही करावा लागतो आणि पळावंही लागतं. खांबाशी सूर मारणारी, साखळी पळणारी, खो देताना फसवणारी, या जागा हळूहळू ठरतात, कारण रोजच्या सरावात सगळ्यांनी सगळं केलेलं असतं. मराठवाड्याने धाराशिवच्या सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खेळाडू दिली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवून जिंकला, तेव्हा कर्णधार होती बीड जिल्ह्यात मूळ गाव असलेली प्रियंका इंगळे. ज्या भागात क्रिकेटची हिरवळीची खेळपट्टी शोधावी लागते, त्याच भागातून खो-खोचे देशपातळीवरचे खेळाडू निघतात. कारण साधं आहे: शाळेच्या मातीच्या मैदानावर रोज खेळ होतो आणि रोज प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी खेळावं लागतं.

झोलच्या 2014 च्या युवा विश्वचषक संघाकडे परत वळून पाहिलं की हा मुद्दा अधिक ठळक होतो. कर्णधार झोल, उपकर्णधार संजू सॅमसन; सोबत श्रेयस अय्यर, दीपक हुडा, सर्फराज खान, कुलदीप यादव. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडने त्या संघाला हरवलं. पुढे कुलदीप भारताचा आघाडीचा फिरकी गोलंदाज झाला. लहानपणी तो वेगवान गोलंदाज व्हायला निघाला होता, प्रशिक्षक कपिल पांडे यांनी त्याला मनगटी फिरकीकडे वळवलं. श्रेयसने एकदिवसीय संघातला चौथा क्रमांक आपला केला आणि 2023 च्या विश्वचषकात 530 धावा काढल्या. सॅमसनचं 2015 मध्ये ट्वेंटी-20 पदार्पण झालं, पण कधी वर कधी खाली, कधी संघाबाहेर असं करत 2024 च्या शेवटी सलामीवीर म्हणून त्याने लागोपाठ दोन आंतरराष्ट्रीय शतकं केली. नऊ वर्षं! सर्फराज कसोटी खेळला फेब्रुवारी 2024 मध्ये, युवा विश्वचषकानंतर दहा वर्षांनी. आणि वानखेडेवर झोलच्या जोडीला उभा असलेला केदार जाधव? महाराष्ट्राचा वरच्या-मधल्या फळीचा फलंदाज, एकोणतिसाव्या वर्षी एकदिवसीय पदार्पण. जानेवारी 2017 मध्ये गहुंज्याला इंग्लंडच्या 350 धावांचा पाठलाग करताना भारताचे 63 धावांत चार गडी गेले. सहाव्या क्रमांकावर येऊन त्याने 76 चेंडूंत 120 केल्या. त्याची जागा एकतिसाव्या वर्षी पक्की झाली.

केदार सोडला तर एकोणीस वर्षांखालच्या एकाच संघात बरोबरीने उभी असलेली ही पोरं. ज्यांना जागा सापडली त्यांना ती पाच, नऊ, दहा वर्षांनी सापडली. म्हणून कुठल्याही पोराबद्दल विसाव्या-बाविसाव्या वर्षी 'संपला' म्हणणं हे अज्ञान आहे. त्या वयात त्याच्या पाठीशी सामने, नोकरी आणि नीट पाहणारी माणसं उभी करणं, हे समाजाचं आणि संघटनेचं काम. खेळाडूच्या बाजूने घाम, वेळ आणि घरची पुंजी खर्च झालेलीच असते.

मग जालन्यात काय करता येईल? कोट्यवधींची क्रीडा संकुलं लागणार नाहीत. आठ तालुक्यांचे चौदा आणि सोळा वर्षांखालचे संघ ऑक्टोबर ते मार्च दर शनिवार-रविवार चामड्याच्या चेंडूने दोन दिवसांचे सामने खेळू शकतात. अंबडचा संघ घनसावंगीला जाईल, परतूरचा बदनापूरला, जाफ्राबादचा जालन्यात येईल. अंतरं एका सकाळच्या एसटीची आहेत. प्रत्येक तालुक्यात निदान एक हिरवळीची खेळपट्टी आणि तिची काळजी घेणारा एक पगारी माणूस हवा. पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यात हे अवघड आहे, म्हणूनच आठच करा, पण नीट करा. चौदाखालच्या स्पर्धेत नियमच असा असावा की कुणीही मुलगा हंगामभर एकाच क्रमांकावर खेळणार नाही. प्रत्येकाने वर, मध्ये आणि खाली खेळायचं, प्रत्येकाने थोडी तरी गोलंदाजी टाकायची. गुणलेखकाच्या वहीत धावांशेजारी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: कितव्या क्रमांकावर आला, आला तेव्हा धावसंख्या काय होती, गेला तेव्हा काय होती. 40 धावांत पाच गडी गेलेले असताना काढलेल्या 23 धावा आणि 200 धावांत एकच गडी गेलेला असताना काढलेल्या 60, यांत मोठं काय ते या तीन रकान्यांवरून कळेल. निवड समितीने चाचणीचा दिवस बंद करून या वहीवरून मुलं बोलवावीत आणि त्यांना निदान तीन सामन्यांत पाहावं. मुलींच्या संघांना हे सगळं याच वेळापत्रकात आणि याच मैदानांवर मिळायला हवं. जिल्ह्यातले बियाणं उद्योग आणि पोलाद कारखाने एका टेनिस बॉल स्पर्धेच्या बक्षिसाला जेवढे पैसे देतात, त्यातून चेंडू, पंच आणि प्रवास यांचा बराच खर्च निघू शकेल.

आई-वडिलांनाही एक विनंती आहे. पोरगं संध्याकाळी घरी आलं की 'किती काढल्या?' हा पहिला प्रश्न असू नये. 'कुठल्या नंबरवर गेलास, तेव्हा सामना कसा होता, तू काय ठरवलं होतंस?' असं विचारा. पोर खालच्या क्रमांकावर गेलं तर सरांशी भांडायला जाऊ नका. सर त्याला दुसऱ्या बाजूने पाहत असतील. आणि सरांनो, तुम्ही खरंच पाहत असाल, तर मुलाला तसं सांगा. आपल्याला खाली का पाठवलं हे कळलेला मुलगा शिकतो, न कळलेला खचतो.

जालन्याने एक पोरगं चारशे एक्कावन्न धावांपर्यंत नेऊन दाखवलं आहे. म्हणजे गुण इथे उगवतो, याची शंका कुणी घ्यायचं कारण नाही. पुढच्या पोराला त्याची जागा शोधून देण्याचं काम मात्र त्याच्या एकट्याच्या बॅटवर सोडू नका. त्याला सामने द्या.